हांक आणि नोंद

सन २०२३ च्या अखेरीस राज्यांतील जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां वऱ्हाडांतील कचेऱ्यांत एकाएकी गर्दी लोटली. आजोबा-पणजोबांच्या नांवापुढें काय लिहिलें आहे, एवढेंच प्रत्येकास पाहावयाचें होतें. एका विद्यार्थ्याच्या कामासाठीं मीही अशाच एका कचेरींत जाऊन बसलों होतों. समोर आली ती कोतवालाची वही. 'कोतवाल बुक' या नांवानें ती विदर्भांत घरोघर ठाऊक आहे. महसुली भाषेंत तिला गांव नमुना १४ म्हणतात. गांवांत कोण जन्मलें, कोण मेलें, याची ती नोंद. विद्यार्थ्याचें काम अर्ध्या तासांत झालें. परंतु मला तें पुस्तक लवकर मिटवेना. पानें उलटतां उलटतां १९१८ सालचे आश्विन-कार्तिक लागले होते. एरवीं महिन्याकाठीं चार-दोन नांवांवर भागणाऱ्या त्या वहींत तेथें पानेंच्या पानें भरलीं होतीं, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : ताप.

एवढें सारें कोणीं तरी लिहून ठेवलें. तें त्या वेळीं कोणाच्या उपयोगीं पडलें? जे गेले त्यांच्या तर नाहींच. पण शेजारच्या गांवीं, जेथें साथ पोंचावयास अजून चार दिवस अवकाश होता, तेथील माणसांच्या तरी? वहीवरून याचें उत्तर मिळत नाहीं. ती वही गांवांतून वर जाण्यासाठीं होती. वरून गांवाकडे कांहीं येण्यासाठीं नव्हती.

आज आपण मोबाइलच्या काळांत आहों. घरांत कोणी अत्यवस्थ झालें तर शेजारचा मुलगासुद्धां १०८ क्रमांक लावतो, आणि त्या क्षणीं दूर कोठें तरी वेळ, गांव आणि तक्रार यांची नोंद आपोआप होऊन जाते. मदतीसाठीं आलेल्या अशा हजारों फोनांची टिपणें एकत्र मांडलीं, तर ऋतुमानाच्या साथींची चाहूल आधींच घेतां येईल काय, हा विषय गेल्या पंचवीस वर्षांत अनेक देशांत अभ्यासला गेला आहे. या नव्या साधनाकडे कोतवालाच्या वहीपासून आरंभ करून पाहिलें, तर त्याचें सामर्थ्य आणि त्यांतील धोके हीं दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात, असें मला वाटतें. म्हणून प्रथम थोडा जुना इतिहास सांगतों.

साथ ओळखण्यासाठीं माणसें मोजावीं, ही कल्पना मूळची आपल्या गांवांतली नव्हे. लंडन शहरांत सतराव्या शतकाच्या आरंभापासून दर आठवड्यास मृतांच्या याद्या छापून विकल्या जात. प्लेगचा आंकडा पाहून शहर सोडावें कीं राहावें हें ठरविण्यास सधन लोकांना त्यांचा उपयोग होई. मरणाचें कारण सांगण्याचें काम ज्या म्हाताऱ्या बायांकडे असे, त्यांना वैद्यकाचें शिक्षण नव्हतें. अशा कच्च्या याद्यांवरून जॉन ग्राँट नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें १६६२ सालीं एक पुस्तक लिहिलें, आणि वरवर अनियमित दिसणाऱ्या मरणालाही कांहीं नियम व कांहीं ऋतु आहेत, हें दाखवून दिलें. पुढें १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकी उसळली. तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं मृत्युनोंदणीच्या कचेरींतून ८३ मृतांची यादी मिळविली, घरोघर विचारपूस केली आणि सर्वांचा धागा एका हातपंपाशीं नेऊन भिडविला. पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मात्र दांडा निघाला तेव्हां साथ ओसरूं लागली होती, हें स्वतः स्नो यांनींच प्रांजळपणें लिहून ठेवलें आहे, आणि त्याचा उल्लेख फारसा होत नाहीं. मेलेल्यांची यादी कितीही लवकर हातीं आली तरी तिला उशीर झालेलाच असतो.

वऱ्हाडचा कारभार १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला. सत्तावनच्या उठावानंतर हिंदुस्थानांतील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यास विलायतेंत एक शाही आयोग नेमला गेला, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं त्यामागें आपली सारी शक्ति उभी केली. १८६३ सालीं त्याचा अहवाल निघाला. पुढच्याच वर्षापासून येथें आरोग्याधिकाऱ्यांची यंत्रणा उभी राहूं लागली आणि खेड्यापाड्यांतील मरण मोजण्याची पद्धति हळूहळू रुळली. सैन्याच्या काळजींतून ही मोजणी जन्मली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कोतवालानें बातमी द्यावी, लिहितां येणाऱ्यानें लिहावें आणि ती बेरीज होत होत जिल्ह्यापर्यंत व तेथून प्रांताच्या राजधानीपर्यंत जावी, असा तो क्रम होता. कारणांचे रकाने मोजकेच : पटकी, देवी, ताप, हगवण-आंव, इजा आणि इतर. पुढें प्लेगची आणि श्वसनाच्या विकारांची त्यांत भर पडली.

हे रकाने वाचतांना वऱ्हाडचें वर्ष डोळ्यांपुढें उभें राहतें. आषाढांत पहिल्या पुराचें पाणी विहिरींत उतरलें कीं पटकी. मग मरीमायला नारळ फुटावयाचे. भाद्रपद-आश्विनांत डबकीं साचलीं कीं हिंवताप, नेमका कपाशीच्या वेचणीच्या व ज्वारीच्या राखणीच्या तोंडावर. उन्हाळ्याच्या आरंभीं देवी. आपल्या आजीबाईंना हें पंचांग पाठ होतें. सरकारी वहीनें त्याला आंकडे दिले, हें तिचें श्रेय. आणि आंकडा कधीं कधीं फार कठोरपणें बोलतो. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २९ लाख होती. १९०१ च्या खानेसुमारींत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. मधल्या काळांत १८९९–१९०० चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठची पटकी होऊन गेली होती.

परंतु या वहीच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढच्या वर्षीं पुण्यांत काय झालें तें महाराष्ट्राला सांगावयास नको. सोजिरांकडून घरझडत्या, देवघरापर्यंत शिरणारे बूट, आजाऱ्याला उचलून नेणें, सामानाची होळी. आणि अखेर २२ जून १८९७ रोजीं रँड यांच्यावर झाडलेली गोळी. या राजकीय इतिहासाच्या आड आरोग्याच्या इतिहासांतली एक गोष्ट झांकली गेली. नोंद केली कीं घरावर धाड येते, असें लोकांना कळून चुकलें, तेव्हां लोक नोंद टाळूं लागले. आजारी लपविले गेले, प्लेगच्या मृत्यूला दुसऱ्याच रोगाचें नांव दिलें गेलें. भीतीनें भरलेली वही खोटी असते, आणि तो खोटेपणा लिहिणाऱ्याचा नसून लिहविणाऱ्याचा असतो.

नंतर १९१८ साल आलें. जूनमध्यें इन्फ्लुएंझा मुंबई बंदरांत उतरला. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी लाट आली ती मात्र अत्यंत मारक ठरली, आणि लोहमार्गांनीं ती देशभर पसरली. मुंबई–नागपूर मार्ग १८६७ सालापासून सुरू होता. धामणगांवाला 'रेल्वे' हें उपपदच त्या स्टेशनामुळें लागलें. यवतमाळकडचा कापूस एके काळीं गाड्यांतून याच स्टेशनवर येई. ज्या वाटेनें कापूस मुंबईस जाई, त्याच वाटेनें ताप गांवांत आला. त्या वर्षीं पाऊसही दगा देऊन गेला होता. मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशांत सर्वांत अधिक होरपळलेल्या भागांपैकीं एक ठरला. वऱ्हाडची लोकसंख्या १९११ सालीं साडेतीस लाखांच्या आसपास होती. दहा वर्षांनींही ती जवळजवळ तेवढीच राहिली. दहा वर्षांची सारी वाढ त्या दशकांतल्या मृत्यूंनीं खाऊन टाकली, आणि त्यांत सर्वांत मोठा घांस १९१८ च्या तापाचा होता.

सरकारच्या हातीं या आपत्तीचा अंदाज तरी केव्हां आला? सरकारचा पहिला अंदाज देशभरांत सुमारें साठ लाख मृत्यु असा होता. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो दुपटीवर गेला, आणि अलीकडील अभ्यासकांपैकीं कांहींजण तो पावणेदोन कोटींच्या जवळ नेतात. एवढी तफावत पडण्यास कारणें होतीं. इन्फ्लुएंझा असा रकानाच वहींत नव्हता. सारे मृत्यु 'ताप' या एका शब्दांत बुडून गेले. आणि दुसरें कारण याहून करुण आहे : बातमी देणारा आणि लिहिणारा स्वतःच तापानें पडला होता किंवा मेला होता. ज्या आठवड्यांत गांव सर्वांत अधिक दुःखांत होतें, त्याच आठवड्यांत त्याची वही कोरी राहिली असण्याचा संभव होता. कोरी वही पाहून वरच्या कचेरींत कोणास वाटावें, तेथें सर्व कुशल आहे!

या पाऊणशें वर्षांच्या अनुभवावरून चार गोष्टी दिसतात : मृत्यूची मोजणी उशिरा येते, अपुरे रकाने सत्य गिळतात, भीति नोंद बंद पाडते, आणि मौन म्हणजे आरोग्य नव्हे. या चार कसोट्या हातांत धरून आतां टेलिफोनकडे वळूं.

स्वातंत्र्यानंतर देवीचा रोग समूळ गेला, पटकीचा जोर कमी झाला, जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ सालीं झाला. परंतु साथ ओळखण्याची सतत जागती यंत्रणा बराच काळ उभी राहिली नव्हती. १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं उंदीर पडूं लागले आणि गांठीचा ताप आला. सप्टेंबरांत सुरतेहून लाखों माणसें प्लेगच्या भयानें पळत सुटलीं. त्या नामुष्कीनंतर विचार सुरू झाला, आणि नोव्हेंबर २००४ मध्यें एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प उभा राहिला. त्यांत आरोग्यसेविकेनें संशयित रुग्ण कळवावे, डॉक्टरांनीं संभाव्य रुग्ण कळवावे आणि प्रयोगशाळेनें सिद्ध झालेले रुग्ण कळवावे, असे तीन प्रपत्रांचे प्रवाह दर आठवड्यास वाहूं लागले. ही मोठी प्रगति होती : आतां मेलेल्यांऐवजीं आजाऱ्यांची मोजणी होऊं लागली. तरी आजाऱ्यानें दवाखान्यापर्यंत यावें तेव्हां त्याची गणना व्हावी, ही अट राहिलीच.

फेब्रुवारी २००८ मध्यें याच प्रकल्पानें १०७५ हा क्रमांक दिवसरात्र खुला केला. साथीची वार्ता कोणींही फोननें द्यावी, हा त्याचा हेतु. २००९ च्या स्वाइन फ्लूंत त्याचा पुष्कळ वापर झाला, आणि २०२० च्या मार्चनंतर कोरोनाकाळांत तोच क्रमांक देशभर सर्वतोमुखीं झाला. महाराष्ट्रांत २०१४ च्या आरंभीं १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. आरोग्यविषयक सल्ल्यासाठीं १०४ हा क्रमांकही लोकांच्या परिचयाचा झाला. धामणगांवांतून १०८ लावला तरी तो घेतला जातो पुण्यांत. म्हणजे वऱ्हाडांतल्या आईची हांक पांचशें किलोमीटरांवर बसलेल्या माणसाच्या कानीं पडते, तो दोन-चार प्रश्न विचारतो आणि तिचें उत्तर एका ठराविक रकान्यांत बसवितो.

हा क्षण नीट पाहण्यासारखा आहे. आई म्हणते, "पोराले तीन दिसापासून ताप हाय, आंग लय दुखते, काही खाल्लं का ओकते." ती डेंग्यू म्हणत नाहीं, हिंवताप म्हणत नाहीं. तिच्या शब्दांत निदान नसतें. लक्षण असतें, दिवस असतात, आणि काळजी असते. साथ ओळखणाऱ्याला नेमकें हेंच लवकर हवें असतें. रोगाचें नांव निश्चित होण्यास रक्त काढावें लागतें, तें जिल्ह्याला पाठवावें लागतें, उत्तराची वाट पाहावी लागते. पण एकाच तालुक्यांतून एकाच आठवड्यांत 'ताप आणि अंगदुखी' सांगणारे फोन नेहमींच्या तिप्पट आले, तर नांव कळण्याआधींच फवारणीची व तपासणीची सिद्धता करतां येईल. कोतवालाच्या वहींत 'ताप' हा शब्द सत्य गिळणारा होता. फोनच्या टिपणांत तोच शब्द, वेळीं आला तर, सत्याची पहिली खूण ठरतो.

हें केवळ मनोराज्य नव्हे. इंग्लंडांत १९९८ सालीं 'एन्. एच्. एस्. डायरेक्ट' नांवाची टेलिफोनवरून सल्ला देणारी सेवा सुरू झाली. अनुभवी परिचारिका रुग्णांशीं बोलत. लौकरच तेथील आरोग्यखात्यानें या फोनांतून दहा तक्रारी निवडल्या : सर्दी-पडसें, खोकला, ताप, हगवण, उलट्या, पुरळ, धाप अशा. पुढें ही सेवा बंद होऊन १११ हा क्रमांक आला, तरी ही पाहणी चालूच राहिली. तिची रीत सोपी आहे. नुसता आंकडा पाहावयाचा नाहीं, कारण रविवारीं व सणावारीं दवाखाने बंद असले कीं सर्वच फोन वाढतात. एकंदर फोनांत त्या तक्रारीचा वांटा किती, हें पाहावयाचें. मग मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांशीं तुलना करून एक रेषा आंखावयाची, आणि वांटा रेषेच्या वर गेला कीं माणसानें उठून चौकशी करावयाची. यंत्रानें फक्त बोट दाखवावें. निर्णय माणसानें करावा. त्या दहा तक्रारींत एक विलक्षण होती : 'एकाच्या दोन वस्तु दिसणें'. अन्नांतून होणारी एक दुर्मिळ विषबाधा त्या लक्षणानें सुरू होते, आणि ती कोणी मुद्दाम पसरवील या भीतीनें हा रकाना राखला होता. ज्या रोगाचा एकही रुग्ण वर्षांत येत नाहीं, त्याच्यासाठीं रकाना मोकळा ठेवणें, यालाच सावधपणा म्हणतात.

स्वीडनचें उदाहरण आपल्याला आणखी जवळचें आहे, कारण तें पाण्याचें आहे. २०१० च्या नोव्हेंबरांत तेथील ऑस्टरसुंद शहरांत नळाच्या पाण्यांतून एका सूक्ष्म परोपजीवी जंतूची बाधा झाली, आणि सुमारें २७ हजार माणसें हगवणीनें आजारी पडलीं. त्या देशांत ११७७ हा सल्ल्याचा क्रमांक आहे. मागाहून तेथील संशोधकांनीं अनेक साथींच्या काळांतील जुने फोन पुन्हां तपासले. फोन करणारा कोणत्या गांवचा एवढेंच न पाहतां तो कोणत्या जलवाहिनीवरचें पाणी पितो हें पाहिलें. मोठ्या साथींचा इशारा फोनांत दिसतो, लहान साथींचा नेहमींच दिसत नाहीं, असें त्यांस आढळलें. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे आणि म्हणूनच उपयोगाचा आहे. आपल्याकडे अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यांत अकोट-तेल्हारा भागाला पुरवठा करणारी ८४ खेड्यांची पाणीयोजना आहे. नकाशावर दूर दूर असलेलीं गांवें तेथें एका नळानें बांधलेलीं आहेत. अशा दोन गांवांतून एकाच दिवशीं हगवणीचे फोन आले तर गांवें वेगळीं म्हणून कोणी दुर्लक्ष करील. नळ एक म्हणून पाहणारा मात्र चटकन उठेल.

आतां आपल्याच दाराशीं आलेले तीन प्रसंग पाहूं. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें आजारी पडूं लागले. डोळ्यांची जळजळ, अंधारी, मळमळ, उलट्या, धाप. शेंकडों जण रुग्णालयांत गेले, वीसाहून अधिक दगावले. रुग्ण येऊं लागले होते पावसाळा भरांत असतांनाच. राज्याचें लक्ष वेधलें तें सप्टेंबर सरतां सरतां, आणि चौकशीचें पथक नेमलें गेलें ऑक्टोबरांत. ही जंतूची साथ नव्हती, पण ऋतूची साथ होतीच : दरवर्षीं फवारणीचे दिवस ठरलेले आहेत. येथें आपल्याला इंग्लंडांतील तो दृष्टिदोषाचा रकाना आठवावा. वऱ्हाडच्या यादींत 'फवारणीनंतर अंधारी व उलटी' हा रकाना असलाच पाहिजे. तो परदेशी यादीवरून नकलून मिळणार नाहीं. आपले रकाने आपल्या पिकांवरून, आपल्या पाण्यावरून पाडावे लागतात.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २०२१ चा. कोरोना ओसरला असें सर्व देश मानीत असतां अमरावती व अकोल्याकडे रुग्ण एकाएकी वाढूं लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी झाली. एप्रिल-मेमध्यें दुसऱ्या लाटेनें देशभर जो हाहाकार उडविला, त्याची एक पहिली चाहूल वऱ्हाडांतून उठली होती. चाहूल लागली नाहीं असें झालें नाहीं. आंकडे होते, वर्तमानपत्रांत बातम्या होत्या. पण एका कोपऱ्यांतली हांक साऱ्या देशाची हांक आहे, असें मानण्याची संवय आपल्याला नव्हती. साधन कितीही सुधारलें तरी ऐकणाऱ्याची वृत्ति त्यानें सुधारतेच असें नाहीं.

तिसरा प्रसंग जुलै २०२२ चा, आणि मला तो सर्वांत बोचतो. मेळघाटांत चिखलदरा तालुक्यांतील पाचडोंगरी व कोयलारी या गांवीं नळाचें पाणी बंद होतें म्हणून लोकांनीं उघड्या विहिरीचें पाणी प्यालें, आणि पटकीनें माणसें दगावलीं. ज्या रोगाचा उपाय पाऊणशें वर्षांपासून आपल्याला पाठ आहे, त्या रोगानें! मेळघाटांत पुष्कळ पाड्यांवर मोबाइलला आवाजच पोंचत नाहीं. अशा ठिकाणीं फोनांच्या आधारें नकाशा रंगविला, तर शहरें लाल दिसतील, रस्त्यालगतचीं गांवें पिवळीं दिसतील, आणि मेळघाट हिरवागार, निरोगी दिसेल. १९१८ सालच्या कोऱ्या वहीची हीच नवी आवृत्ति होय. म्हणून या पद्धतींत प्रत्येक आठवड्यास दोन प्रश्न विचारले पाहिजेत : फोन कोठून वाढले, आणि फोन कोठून आलेच नाहींत? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर यंत्राकडे नसतें. तेथें आशाताईलाच पायीं जावें लागतें.

उलट बाजूही आहे. फोन जसे न येण्यानें फसवितात तसे येण्यानेंही फसवितात. २००९ च्या ऑगस्टांत स्वाइन फ्लूचा देशांतला पहिला मृत्यु पुण्यांत झाला, आणि साध्या शिंकेनें घरोघर काळीज धडकूं लागलें. तपासणीसाठीं रांगा लागल्या. अशा वेळीं वाढलेले फोन भयाचे असतात. त्यांतून रोग वेगळा काढणें हें कौशल्याचें काम आहे. तरी मी म्हणेन कीं भयाचीही नोंद व्हावी. घाबरलेल्या गांवाला औषध नको असेल, पण चार स्पष्ट शब्द हवेच असतात.

राहिली ती प्लेगच्या काळांतली कसोटी. फोन करणाराचें नांव, त्याचा क्रमांक, त्याच्या घरांतील दुखणें हीं त्याचीं खाजगी गोष्ट आहे. साथीच्या मोजणीला तालुका, आठवडा, वय आणि तक्रार एवढें पुरें; नांवाची गरज नाहीं, आणि गरज नसलेली गोष्ट ठेवूं नये. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत दारावर लागलेल्या पाट्या आणि शेजाऱ्यांच्या नजरा आपण पाहिल्या आहेत. त्या भयानें कितीकांनीं खोकला दाबून धरला! फोन केला कीं दाराशीं शिपाई येतो, असें एकदां लोकांच्या मनांत बसलें, कीं १८९७ सालचाच अनुभव पुन्हां येईल. लोक फोन करणार नाहींत, आणि सर्वांत सुंदर यंत्र सर्वांत मोठें असत्य सांगत बसेल.

जुन्या कोतवालाकडे खरें पाहतां दोन कामें होतीं, याचा आपल्याला विसर पडतो. तो मेलेल्यांची बातमी वर पोंचवीत असे. आणि तोच संध्याकाळीं वेशींत उभा राहून दवंडी पिटीत असे. वही वर जाई, दवंडी खालीं येई. इंग्रजी अमलानें पहिल्या कामाला शास्त्राचें रूप दिलें, दुसरें तसेंच राहूं दिलें. त्यामुळें १९१८ सालीं प्रांताच्या अहवालांत आमचें गांव एक आंकडा म्हणून पोंचलें. पण पलीकडच्या स्टेशनवर ताप आला आहे, गर्दी टाळा, आजाऱ्याला वेगळें निजवा, पाणी पाजा, अशी दवंडी वेळीं गांवांत आली असती, तर त्या रकान्यांतील कांहीं नांवें तरी कमी झालीं असतीं. त्या काळीं या तापावर औषध नव्हतें. सूचना मात्र होती, आणि ती फुकट होती.

आजच्या फोनांच्या बाबतींत हीच शेवटची कसोटी होय. धामणगांव तालुक्यांतून या आठवड्यांत तापाचे फोन वाढले, एवढी गोष्ट पुण्यांत किंवा मुंबईंत कळून भागणार नाहीं. ती धामणगांवांत कळली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, शाळेंत, आठवडी बाजारांत, आशाताईच्या तोंडून. 'आपल्या भागांत तापाचे रुग्ण वाढत आहेत. घरांतलीं भांडीं, टायर, कूलर कोरडे करा. तीन दिवस ताप राहिला तर रक्त तपासा.' एवढीं तीन वाक्यें. ज्यानें फोन केला त्याच्या गांवाला त्याच्या फोनाचें फळ मिळालें, असें लोकांनीं एकदां पाहिलें, कीं पुढचा फोन ते विश्वासानें करतील. आणि विश्वासानें केलेल्या फोनांचीच मोजणी खरी असते.

त्या दिवशीं कचेरींत मी वही मिटून परत दिली, तेव्हां विद्यार्थी नक्कल हातांत घेऊन आनंदानें निघाला होता. त्याच्या पणजोबाचें नांव त्याच १९१८ च्या पानांवर सांपडलें होतें. जातीच्या रकान्यांत त्याला हवा तो शब्द होता, आणि शेजारच्या रकान्यांत 'ताप'. शंभरांहून अधिक वर्षांनीं ती नोंद अखेर कोणाच्या तरी उपयोगीं पडली म्हणावयाची! मुलगा पहिला रकाना वाचून हंसला. दुसऱ्या रकान्याकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं, आणि त्या क्षणीं मींही तें वेधलें नाहीं. या लेखानें तेंच राहिलेलें काम केलें आहे. पुढच्या पावसाळ्यांत वऱ्हाडांतून ज्या हांका जातील, त्यांची नोंद तर होईलच. यंत्रें तेवढें न चुकतां करतात. त्या हांकेला ओ कोण देतो, आणि ती दवंडी होऊन गांवांत परत येते कीं नाहीं, हें मात्र आपल्याला पाहावयाचें आहे.